नाव आणि वाणी : 'केल्टिक फ्रॉस्ट'पासून 'ट्रिप्टिकॉन'पर्यंत

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या परिसरात १९८४ साली स्थापन झालेला 'केल्टिक फ्रॉस्ट' हा मेटल संगीताचा बँड २००८ साली फुटला, आणि त्याचा एक संस्थापक टॉमस गेब्रिएल फिशर याने त्याच वर्षी 'ट्रिप्टिकॉन' या नावाने नवा बँड उभा केला. बँड फुटणे ही त्या संगीताच्या जगात नित्याची गोष्ट होय. संस्थापक बाहेर पडतो, नावाच्या मालकीवरून तंटा होतो, दोन्ही पक्ष आपणच खरे वारस असल्याचे सांगतात आणि श्रोते आपापल्या आवडीप्रमाणे वाटले जातात. फिशरचे प्रकरण भाषेच्या अभ्यासकाने पाहावे असे आहे ते या तंट्यामुळे नव्हे. त्याच्या हातून तीन वेळा मोड होऊन तीन वेळा नवी मांडणी झाली, आणि तिन्ही वेळा नाव व वाणी यांचा हिशेब निराळा झाला. १९८४ साली माणसे बहुतांशी तीच राहिली आणि नाव बदलले. १९८८ साली नाव तेच राहिले. माणसे आणि वाणी बदलली. २००८ साली त्याने नाव मागे ठेवले आणि वाणी घेऊन तो निघाला. या तीन प्रयोगांचा निकाल ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने उपलब्ध आहे. नाव आणि वाणी यांपैकी कृतीची ओळख कशात असते, या प्रश्नाला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

'वाणी' हा शब्द येथे स्वर आणि शब्द यांच्या एकत्रित बोलण्याला उद्देशून योजला आहे. मेटल हे विजेच्या गिटारचे संगीत. तिचा आवाज यंत्राच्या साहाय्याने मुद्दाम फाटका व जाड केलेला असतो, आणि काही आघातांची एक लहान आकृती, तिला तेथे 'रिफ' म्हणतात, पुनःपुन्हा वाजवून तिच्यावर गीताची उभारणी होते. रागसंगीताची सवय असलेल्या कानाला पहिल्या भेटीत हा केवळ गोंगाट वाटेल. परंतु दहावीस गीते ऐकल्यावर रिफची वळणे आणि लयीचे थांबे यांवरून कोण बोलत आहे हे कळू लागते. परगावचा माणूस त्याच्या हेलावरून ओळखू यावा तसेच हे असते. फिशरचा हेल जड, कमी स्वरांचा, खालच्या पट्टीत रेंगाळणारा आणि मध्येच अडखळल्यासारखा थांबणारा आहे. याखेरीज त्याची आणखी एक खूण सर्वश्रुत आहे. गीताच्या आरंभी किंवा लय पालटताना तो 'उघ्' असा एक कण्हल्यासारखा उद्गार काढतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे शुद्ध केवलप्रयोगी अव्यय होय. त्याला अर्थ नाही, विभक्ती नाही, वाक्याशी अन्वय नाही. तरीही त्याच्या श्रोत्यांना हे एक अक्षर कोणत्याही नावापेक्षा अधिक खात्रीने वक्त्याची ओळख पटवते. त्याच्या मागून आलेल्या कितीतरी गायकांनी ते उचलले आहे.

बँड 'तोच' आहे असे केव्हा म्हणावे? या जातीचा प्रश्न फेर्दिनां द सोस्यूर याने १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत उपस्थित केला होता. जिनीव्हाहून पॅरिसला रात्री ठरल्या वेळी सुटणारी गाडी आपण रोज 'तीच' म्हणतो, जरी एंजिन, डबे आणि माणसे ही सर्व निराळी असतात. चोरीला गेलेला अंगरखा जुन्या कपड्यांच्या दुकानात सापडला, तर तोही 'तोच' ठरतो. पण येथे कापड तेच असावे लागते. पहिली एकरूपता व्यवस्थेतील स्थानाची, दुसरी द्रव्याची. भाषिक चिन्हे गाडीच्या जातीची असतात, असे सोस्यूरचे प्रतिपादन. बँडचे व्यावसायिक जग हाच सिद्धान्त नकळत मानते. नाव कायम असले की वादक बदलले तरी गाडी तीच. फिशरने १९८८ साली हे मानून पाहिले. त्याला जे फळ मिळाले ते पाहता बँड या वस्तूला गाडीचा नियम लागू पडत नाही, आणि अंगरख्याचाही पडत नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

पहिला प्रयोग थोडक्यात सांगता येतो. १९८२ साली फिशरने 'हेलहॅमर' हा बँड काढला. १९८३च्या अखेरीस त्यात मार्टिन एरिक आइन हा बास गिटार वाजवणारा मुलगा आला. १९६७ साली जन्मलेल्या आइनला तेव्हा सतरावे वर्ष चालू होते. हेलहॅमरचे वादन ओबडधोबड होते आणि तत्कालीन नियतकालिकांनी त्याची यथेच्छ हेटाळणी केली. १९८४च्या मे महिन्यात दोघांनी ते नाव संपवले आणि पुढच्याच महिन्यात 'केल्टिक फ्रॉस्ट' या नावाने आरंभ केला. हेटाळणी नावाला चिकटली होती, म्हणून नाव टाकले. वाणी टाकली नाही, ती घासूनपुसून घेतली. त्याच वर्षीची 'मॉर्बिड टेल्स' आणि १९८५ची 'टू मेगा थेरिऑन' या ध्वनिमुद्रिकांत हेलहॅमरचाच हेल आहे, फक्त वाक्ये नीट पुरी होतात. कापड बहुतेक तेच, पण अंगरखा निराळा म्हणून ओळखला गेला, आणि योग्य रीतीने ओळखला गेला.

या काळातील गीतांची भाषा विशेष पाहण्यासारखी आहे. झुरिकच्या मुलाची घरची बोली स्विस जर्मन, शाळेत लिहावयाची भाषा प्रमाण जर्मन. एकाच समाजात बोलण्याची एक व लिहिण्याची दुसरी अशी जी दुहेरी स्थिती चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ साली 'डायग्लॉसिया' या नावाने वर्णिली, तिच्या चार मुख्य उदाहरणांत स्विस जर्मन होतीच. या मुलांनी दोन्ही भाषा बाजूला ठेवून तिसरी, इंग्रजी, पत्करली. आणि ती मुख्यतः पुस्तकांतून व तबकड्यांतून आलेली इंग्रजी होती. त्यामुळे गीतांच्या शीर्षकांत क्रियापद जवळजवळ नाहीच. 'प्रोक्रिएशन ऑफ द विकेड', 'व्हिजन्स ऑफ मॉर्टॅलिटी', 'सर्कल ऑफ द टायरंट्स' : नाम, षष्ठी, नाम. कोणी काही करीत नाही. सारे काही कोणाचे तरी असते. 'इन्टु द क्रिप्ट्स ऑफ रेज' हे शीर्षक ऐकून किरणांची तळघरे कशी, असा प्रश्न पडतो. पण 'रेज' हे किरण नव्हेत. जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला आणि पुढे बालहत्यांच्या आरोपावरून १४४० साली फाशी गेलेला सरदार जिल द रे याचे ते नाव आहे. विशेषनाम आणि सामान्यनाम यांची ही गल्लत इंग्रजी वाचकाला अडखळवते, आणि त्या अडखळण्यातच या वाणीची गोडी आहे. मायबोली इंग्रजी असलेला कवी असे लिहिताना कचरला असता.

१९८७च्या 'इन्टु द पँडेमोनिअम' या ध्वनिमुद्रिकेत दोघांनी आपली वाणी ताणून पाहिली. तीत तंतुवाद्ये आहेत, यांत्रिक ठेका आहे, बोदलेअरच्या कवितेचा फ्रेंच पाठ आहे, आणि 'रेक्स आयरी' नावाचे एक शोकगीत आहे. ते पुढे येणार असलेल्या रिक्वियमचा पहिला भाग म्हणून लिहिले गेले. रिक्वियम म्हणजे मृतासाठी म्हणावयाची ख्रिस्ती प्रार्थना, आणि तिच्यासाठी रचलेले संगीत. ध्वनिमुद्रण कंपनीशी झालेल्या झगड्यातून ही कृती बाहेर पडली, आणि वर्षाअखेर बँड फुटला. आइनही दूर झाला.

दुसरा प्रयोग येथे येतो. १९८८ साली फिशरने बहुतेक नवे वादक जमवले, नाव मात्र 'केल्टिक फ्रॉस्ट' हेच ठेवले आणि 'कोल्ड लेक' काढली. केस फुलवून, चेहरे रंगवून अमेरिकन बाजारात लोकप्रिय असलेल्या धर्तीचे हे संगीत होते. त्यावर झालेली टीका प्रसिद्धच आहे. खुद्द फिशरने पुढे ती ध्वनिमुद्रिका नाकारली, आणि २०१७ साली जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्मुद्रण झाले तेव्हा ती त्यात घेतली गेली नाही. निंदेची पुनरावृत्ती करण्यात स्वारस्य नाही. पण एक भाषिक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शीर्षकांचे व्याकरणच पालटले आहे. 'सिड्यूस मी टुनाइट', 'डान्स स्लीझी' : षष्ठी गेली आणि आज्ञार्थ आला. ज्या वाणीत पूर्वी समोर कोणी नव्हते, तीत एकाएकी द्वितीय पुरुष उभा राहिला, आणि त्याची मनधरणी सुरू झाली. आदल्याच वर्षीच्या एका गीताचे नाव 'आय वोन्ट डान्स' असे होते! श्रोत्यांनी बदललेल्या वादकांचा राग धरला नाही. वादक तर तत्पूर्वीही बदलले होते. गाडी ठरल्या वेळी, ठरल्या फलाटावर, ठरलेल्या नावाची पाटी लावून आली, आणि तरीही उतारूंनी ती ओळखण्याचे नाकारले.

१९९० साली आइनच्या सहभागाने निघालेली 'व्हॅनिटी नेमेसिस' ही सावरण्याची धडपड होती. तीवर थांबण्याचे कारण नाही. १९९३ साली बँड बंद झाला. फिशरने 'अपॉलिऑन सन' या बँडमध्ये यांत्रिक धाटणीचे संगीत करून पाहिले, २००० साली आपल्या बँडची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली, आणि २००१च्या सुमारास तो व आइन पुन्हा एकत्र आले. पाच वर्षांच्या कामानंतर २००६ साली 'मॉनोथीस्ट' प्रसिद्ध झाली.

मॉनोथीस्ट ही दोघांच्या संवादाची सर्वांत पक्व कृती होय. आइनचाही आवाज तीत आहे. ख्रिस्ती धर्मविचार आणि गूढविद्या यांच्याशी त्याची झटापट ही फिशरच्या खाजगी वेदनेहून वेगळ्या जातीची. तीत वाद आहे, प्रतिपक्ष आहे. फिशरचा स्वर विलापाकडे झुकतो, तर आइनचा खंडनाकडे. दोन्ही एकाच रिफवर बसवलेले असल्याने एकाने दुसऱ्याला अति होऊ दिले नाही. भाषाही आता एक राहिली नाही. लॅटिन आणि हिब्रू शीर्षके आहेत, आणि 'टोटेनगॉट', मृतांचा देव, हे एक जर्मन शीर्षकही आहे. बावीस वर्षे इंग्रजीत बोलल्यावर शाळेतील भाषा अखेर परत आली, ती मृत्यूचे नाव घेण्यासाठी.

या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटच्या तीन रचना एका सामाईक शीर्षकाखाली बांधल्या आहेत, आणि ते शीर्षक आहे 'ट्रिप्टिक'. वेदीमागे उभारलेले, बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन फळ्यांचे चित्र असा त्याचा अर्थ. तिसरी फळी 'विंटर', म्हणजेच १९८७ साली आरंभलेल्या रिक्वियमचा अंतिम भाग. पहिला भाग झाला, तिसरा झाला, मधला राहिला.

२००८च्या एप्रिलमध्ये फिशर बाहेर पडला. परस्परसंबंध इतके बिघडले होते की एकत्र काम अशक्य झाले, हे उभय पक्षांच्या निवेदनांवरून स्पष्ट आहे. अधिक खोलात शिरणे समीक्षेचे काम नव्हे. यानंतर केल्टिक फ्रॉस्टही संपल्याचे जाहीर झाले. फिशरने नव्या बँडला दिलेले नाव जुन्या बँडच्या अखेरच्या पानावरून घेतलेले होते, ही गोष्ट मात्र समीक्षेच्या कक्षेत येते. भारतीय शब्दविचारात नामांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे वर्ग करतात. अवयवांवरून अर्थ लागतो ते यौगिक; लागत नाही ते रूढ; अवयवार्थ कायम राहून रूढीने एकाच वस्तूवर ठरते ते 'पंकजा'सारखे योगरूढ. 'केल्टिक फ्रॉस्ट' हे नाव व्यवहारतः रूढ. केल्ट लोकांचा आणि हिमाचा त्या संगीताशी संबंध लावून काही हाती लागत नाही. नाव एका वस्तूला चिकटले आणि वस्तू गेली की रिकामे झाले. 'ट्रिप्टिकॉन' यौगिक आहे. ग्रीक 'त्रि', जो संस्कृत 'त्रि'चा सख्खा भाऊ, आणि 'प्तुखे' म्हणजे घडी. तीन घड्यांचे ते ट्रिप्टिकॉन. हेलहॅमर, केल्टिक फ्रॉस्ट आणि हा तिसरा बँड, असा अर्थ कोणालाही सहज लावता येतो. दोन फळ्या दुमडल्या असल्या तरी बिजागरी शाबूत आहे, एवढे ते नाव सांगते. जुने नाव बळकावून बसण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक होते, आणि अधिक चतुरही.

२०१०ची 'एपारिस्तेरा दायमोनेस' ऐकताना तिसऱ्या प्रयोगाचा निकाल पहिल्या काही मिनिटांतच कळतो. मॉनोथीस्टच्या पुढच्या ध्वनिमुद्रिकेसाठी योजलेली सामग्री फिशरने येथे वापरली, आणि हे त्याने लपवले नाही. गिटारवादक व्ही. सांतुरा हाही केल्टिक फ्रॉस्टच्या अखेरच्या दौऱ्यांत साथीला असलेला. मुखपृष्ठावर एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचे चित्र आहे. १९८५च्या 'टू मेगा थेरिऑन'वरही त्याचेच होते. शीर्षक पुन्हा ग्रीक : 'डाव्या हाताला दायमोनेस'. 'दायमोन' म्हणजे मूळ ग्रीकात दुष्ट दैत्य नव्हे, तर माणूस व देव यांच्या मधली शक्ती. ख्रिस्ती काळात तिची अधोगती झाली. वेदातील 'असुर' शब्दाचे जे झाले तेच. हे सर्व पाहता, पाटी बदललेली आणि वाणी तीच असलेला हा बँड श्रोत्यांनी विनासायास ओळखला यात नवल नाही. १९८८च्या नेमके उलट.

मग काही हरवलेच नाही काय? येथे या बँडच्या चाहत्यांचे आणि टीकाकारांचे एकमत आड येते. ट्रिप्टिकॉन म्हणजे दुसऱ्या नावाने केल्टिक फ्रॉस्ट, असे दोघेही म्हणतात. एक कौतुकाने, दुसरा तक्रारीने. वस्तुतः वाणी तीच असली तरी संभाषण तेच नाही. ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी 'द प्रोलाँगिंग' ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना आहे. एका अनाम 'तू'ला उद्देशून उच्चारलेला तो दीर्घ शाप आहे. संथ रिफ फिरून फिरून येते आणि द्वेष ओसरत नाही. परिणाम जबरदस्त होतो हे मान्य केले पाहिजे. पण मॉनोथीस्टमध्ये असा एखादा उद्रेक वाढू लागला की दुसरा आवाज त्याला अडवीत असे. येथे अडवणारा कोणी नाही. वक्ता बोलतो, आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तो खोलीबाहेर आहे. शापाची लांबी हे त्याच्या बळाचे लक्षण आहे, तसेच एकटेपणाचेही. २०१४च्या 'मेलाना कास्माता'त, म्हणजे 'काळ्या दऱ्यां'त, हा दोष अधिक उघडा पडतो. 'ट्री ऑफ सफोकेटिंग सोल्स', 'ऑल्टर ऑफ डिसीट' : तीस वर्षांपूर्वीची तीच षष्ठी, तीच निष्ठा. 'ब्रीदिंग'मधील वेग आणि 'वेटिंग'मधील शांतता सुंदर आहेत. मधला बराच भाग मात्र स्वतःचेच बोलणे स्वतः ऐकत बसल्यासारखा वाटतो. वाणी एकट्याला नेता येते. तिच्यातला प्रतिपक्ष नेता येत नाही.

आइन २१ ऑक्टोबर २०१७ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. केल्टिक फ्रॉस्टचे नाव पुन्हा घेण्याचा प्रश्न त्यासोबत मिटला. हेलहॅमरची गीते फिशरने २०१९पासून रंगमंचावर वाजवावयास घेतली, तेही हेलहॅमर या नावाने नव्हे. त्यासाठी त्याने त्या बँडच्या एका गीताचे नाव घेऊन 'ट्रायम्फ ऑफ डेथ' हा स्वतंत्र बँड केला. नाव वापरणे आणि नावाचा उल्लेख करणे यांत तर्कशास्त्रज्ञ जो भेद करतात तो या गिटारवादकाने १९८८च्या अनुभवातून शिकलेला दिसतो.

त्याच वर्षी, एप्रिल २०१९मध्ये, नेदरलँड्समधील टिलबर्ग येथील 'रोडबर्न' महोत्सवात रिक्वियम पूर्ण झाले. ट्रिप्टिकॉन आणि 'मेट्रोपोल ऑर्केस्ट' हा डच वाद्यवृंद यांनी ते सादर केले, आणि २०२० साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. पहिला भाग 'रेक्स आयरी', १९८७चा, केल्टिक फ्रॉस्टचा. तिसरा 'विंटर', २००६चा, केल्टिक फ्रॉस्टचाच. मधला 'ग्रेव्ह इटर्नल', सुमारे बत्तीस मिनिटांचा, ट्रिप्टिकॉनसाठी नव्याने रचलेला. कर्त्याच्या नावावरून कृतीची एकता ठरवणाऱ्याला ही रचना अडचणीत टाकील. आरंभ आणि शेवट एका नावाचे, मध्य दुसऱ्या नावाचा. आणि मध्य सर्वांच्या मागून लिहिलेला.

मधला भाग निर्दोष नाही. वाद्यवृंद काही ठिकाणी केवळ भरणा करतो, आणि दोन विषयांमधील सांधे मोकळे राहतात. परंतु येथे फिशरला पूर्वीसारखे एकट्याने बोलत सुटता येत नव्हते. पुढचे वाक्य तेरा वर्षांपूर्वीच लिहून झाले होते, आणि मागचे बत्तीस वर्षांपूर्वी. त्या दोन टोकांना जुळेल असेच मधले बोलणे व्हावयास हवे होते. त्यामुळे शाप आवरतो. स्त्रीस्वर पुढे येतो, फिशरचा आवाज कमी आणि तोलून येतो, गिटार दीर्घ काळ वाट पाहते. ट्रिप्टिकॉनच्या दोन ध्वनिमुद्रिकांत ज्याची उणीव भासली तो अडवणारा आवाज येथे पुन्हा ऐकू येतो, तो आधीच लिहून झालेल्या शेवटाच्या रूपाने. 'ग्रेव्ह इटर्नल' संपते आणि 'विंटर' लागते : फक्त वाद्ये. शब्द नाहीत, षष्ठी नाही, तो 'उघ्'देखील नाही.